टॉर्क म्हणजे दिलेला शब्द

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणाचा गैरसमज नको. मी गाड्या ट्यून करण्याच्या विरोधात नाही. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या गाडीचं बॉनेट उघडून आत काय चाललंय ते बघायचा, बदलायचा, वेळ पडली तर बिघडवायचासुद्धा हक्क मालकाला असावा असं माझं स्पष्ट मत आहे. माझी डिग्री मेकॅनिकलची आणि पोट भरतं जावावर (पुण्यात ढिगाने सापडतील असे). त्यामुळे इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, हा माझ्या दोन्हीकडच्या जिव्हाळ्याचा विषय. खाली लोखंड, वर कोड. अजून काय हवं?

माझा विरोध आहे तो एकाच गोष्टीला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेल्या टर्बो गाडीत बाहेरचा इंजिन कॉम्प्युटर, 'बॉक्स' किंवा 'स्टेज वन'ची फाइल घालायची आणि गिअरबॉक्सला त्यातलं काही कळूच द्यायचं नाही, या धंद्याला. हा धंदा खोटेपणावर चालतो. खोटेपणा हा शब्द मी शिवी म्हणून वापरत नाहीये, अगदी टेक्निकल अर्थाने वापरतोय. कसा ते बघा.

दोघांचं बोलणं

मॅन्युअल गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला दुवा म्हणजे तुमचा डावा पाय. क्लच घसरायला लागला की इंजिनाचा आवाज चढतो, गाडी मात्र तेवढी पळत नाही, करपल्याचा वास येतो आणि तुम्ही निमूटपणे अ‍ॅक्सिलरेटर सोडता. ऑटोमॅटिकमध्ये तो पाय नाही. त्याच्या जागी गिअरबॉक्सचा स्वतःचा कॉम्प्युटर असतो, टीसीयू.

आता घोडं पेंड खातं ते इथे. आपल्या रोजच्या गाड्यांमध्ये या टीसीयूला टॉर्क मोजता येत नाही. शाफ्टवर टॉर्क मोजणारा सेन्सर नसतो. त्याला शाफ्ट किती वेगाने फिरतायत ते कळतं, तापमान कळतं, काही ठिकाणी तेलाचा दाब कळतो. बाकी तो सगळा ईसीयूच्या भरवशावर असतो. ईसीयू हवेचा दाब, तापमान, इग्निशन वगैरेवरून इंजिन किती टॉर्क देतंय याचा हिशोब करतो आणि गाडीतल्या कॅन नेटवर्कवर दर सेकंदाला कित्येक वेळा तो आकडा पाठवत राहतो. "आत्ता २१० न्यूटन-मीटर देतोय." "आता २३५." त्या आकड्यावर विसंबून टीसीयू ठरवतो की क्लच किती जोराने दाबून धरायचा. जास्त दाबला तर गिअर बदलताना धक्का बसतो. कमी दाबला तर क्लच घसरतो आणि जळतो.

शिवाय हे बोलणं दुतर्फा आहे. गिअर बदलायच्या क्षणी टीसीयू उलटा निरोप पाठवतो, "जरा टॉर्क कमी कर." ईसीयू इग्निशन मागे घेतो, इंजिन क्षणभर मऊ पडतं, गिअर बदलतो, टॉर्क परत येतो. तुम्हाला कळतही नाही. हे न झाल्यास काय होतं याचा साधा हिशोब करून बघा. २५० एनएम टॉर्क आणि गिअर बदलताना क्लचमध्ये सरासरी १,००० आरपीएमची घसर धरली तर उष्णता निघते साधारण २६ किलोवॉट. तुमच्या बाथरूममधला गीझर २ किलोवॉटचा असतो. म्हणजे तेरा गीझर एकदम, आणि तेही हाताच्या पंजाएवढ्या चकत्यांवर! अर्ध्या सेकंदापुरतेच, पण हिंजवडी ते कोथरूड या प्रवासात गिअर किती वेळा बदलतो ते मोजा एकदा.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा एपीआयचा करार आहे. ईसीयू एक आकडा पाठवतो आणि समोरचा तो तपासून न बघता त्यावर स्वतःचं अंग झोकून देतो. टॉर्कचा आकडा म्हणजे दिलेला शब्द. आता या शब्दाला बाजारातले तीन प्रकारचे लोक कसे जागतात ते बघू.

पहिला: बॉक्स

सर्वात स्वस्त, सर्वात लोकप्रिय आणि सर्वात वाईट. बूस्ट मोजणारा सेन्सर आणि ईसीयू यांच्यामध्ये एक डबी बसते. सेन्सर म्हणतो बूस्ट १.२ बार. डबी ईसीयूला सांगते १.० बार. ईसीयू बिचारा म्हणतो, अरे, कमी पडतंय, आणि टर्बोला आणखी हवा मारायला लावतो. झाली तुमची पॉवर वाढली! यात ट्यूनिंग कुठे आहे? हे तर विजेच्या मीटरला चुंबक लावण्यासारखं झालं.

ईसीयूला हवा कमी दिसते, म्हणून त्याचा टॉर्कचा हिशोबही कमी येतो. इंजिन प्रत्यक्षात ३०० देत असतं आणि ईसीयू प्रामाणिकपणे गिअरबॉक्सला २५० कळवत असतो. ('प्रामाणिकपणे' हे महत्त्वाचं. तो खोटं बोलत नाहीये, त्याला खोटं सांगितलं गेलंय.) टीसीयू २५० च्या हिशोबाने क्लच धरतो. वर इग्निशनचं टेबलही हवेच्याच हिशोबावर चालतं, त्यामुळे ते गरजेपेक्षा पुढे राहतं आणि नॉकिंगचा धोका वाढतो. नॉक सेन्सर आहे म्हणून इंजिन तरतं. गिअरबॉक्सला असा कुणी वाली नाही.

दुसरा: रीमॅप

इथे ईसीयूमधलाच डेटा बदलतात. हे काम नीट करता येतं. टॉर्कच्या मर्यादा, बूस्ट, इग्निशन, सगळं एकमेकांशी जुळवून बदलायचं आणि टीसीयूचीही फाइल बदलायची, म्हणजे क्लचचा दाब नव्या आकड्याप्रमाणे वाढतो. असं काम करणारी माणसं आहेत, त्यांना माझा नमस्कार.

पण बऱ्याचदा होतं काय? नवा टॉर्क टीसीयूच्या मर्यादेबाहेर गेला की टीसीयू "एवढा नको" म्हणून इंजिनाला आवरतो. गिऱ्हाईक म्हणतं पॉवर जाणवत नाही. मग टीसीयूची फाइल नीट करण्याऐवजी ईसीयूमधला टॉर्कचा हिशोबच दाबून टाकतात. इंजिन देईल ३२०, सांगेल २५०. सगळे खुश. बॉक्सपेक्षाही हे वाईट, कारण इथे खोटं बोलायला कोडलाच शिकवलंय.

एका ट्यूनरकडे मी स्वतः विचारलं होतं, "दादा, टीसीयूचं काय करता?" उत्तर आलं, "सर, गिअरबॉक्सला हात लावायची गरजच नाही. तो आपोआप अ‍ॅडजस्ट होतो." हो, होतो ना. आपणही आपोआप अ‍ॅडजस्ट होतो, रात्री दोनला प्रॉडक्शन पडलं की. त्याचा हिशोब तब्येतीतून निघतो.

तिसरा: अख्खा ईसीयूच बदलणं

हे खरं मर्दाचं काम समजलं जातं, आणि तांत्रिकदृष्ट्या सर्वात सुंदरही तेच आहे. २००१ साली अमेरिकेत ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो यांनी मेगास्क्वर्ट काढला, आणि घरी सोल्डर करून इंजिन चालवता येतं हे हजारो लोकांनी करून पाहिलं. पुढे स्पीडुइनो आला, तो तर आपल्या ओळखीच्या आर्डुइनो मेगावर चालतो. १६ मेगाहर्ट्झ आणि ८ केबी रॅम! आपलं एक लॉगिन पेज याच्या हजारपट मेमरी खातं, लाज वाटते.

पण ऑटोमॅटिक आली की या मंडळींचीही भंबेरी उडते. उदाहरण म्हणून १९९३ ची टोयोटा सुप्रा घ्या. २जेझेड-जीटीई इंजिन, दोन टर्बो आणि चार गिअरचा ए३४०ई ऑटोमॅटिक. जगभर या इंजिनावर जेवढे बाहेरचे ईसीयू बसले असतील तेवढे क्वचितच दुसऱ्या कशावर बसले असतील. या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कॉम्प्युटरच्या ताब्यात आहेत. गिअर निवडायला दोन सोलेनॉइड. पहिल्या गिअरला १-०, दुसऱ्याला १-१, तिसऱ्याला ०-१, चौथ्याला ०-०. ओळखलंत? ग्रे कोड! प्रत्येक गिअर बदलताना एकच बिट पलटतो. शिवाय वायर तुटली, वीज गेली, तर ०-० म्हणजे चौथा गिअर. १२० च्या वेगात अचानक पहिला पडण्यापेक्षा चौथा पडलेला कधीही बरा. बिघाडातही माणसाचा विचार करणारं डिझाइन असं असतं.

आता तुम्ही तो कॉम्प्युटर काढून बाहेरचा बसवलात. इंजिन झकास चालतं. गिअर कोण बदलणार? म्हणून जुगाड असा करतात की जुना ईसीयू गाडीतच ठेवायचा, त्याला सेन्सरच्या वायरी द्यायच्या, गिअर त्याने बदलायचे आणि इंजेक्टर व इग्निशन नव्याने चालवायचं. वडाची साल पिंपळाला. गिअर बदलायच्या क्षणी जुना ईसीयू इमानाने इग्निशन मागे घेतो, पण त्याची इग्निशनची वायर आता कुठेच जोडलेली नाही! त्याच्या समजुतीप्रमाणे इंजिन मऊ पडलंय. प्रत्यक्षात नवा ईसीयू पूर्ण बूस्टवर सुटलाय. वर सांगितलेले तेरा गीझर आठवा. इथे मूळ इंजिनाच्या दीडपट-दुप्पट टॉर्क असेल तर वीस-पंचवीस धरा.

यावरचा उपाय अवघड नाही. जुन्या ईसीयूची किंवा वेगळ्या टीसीयूची 'टॉर्क कमी कर' ही मागणी नव्या ईसीयूच्या एका इनपुटला द्यायची आणि तिथे इग्निशन मागे घ्यायला सांगायचं. अनेक चांगल्या ईसीयूंमध्ये ही सोय असते. एक वायर, एक टेबल आणि ते जुळवण्यात घालवलेला एक शनिवार. पण डायनोच्या कागदावर त्या शनिवारचा एकही हॉर्सपॉवर दिसत नाही, म्हणून तो कुणी घालवत नाही.

आजच्या गाडीत तर हे प्रकरण आणखी खोल जातं. ईसीयूच्या बोलण्यावर नुसता गिअरबॉक्स नाही, ईएसपीसुद्धा अवलंबून असतो. ओल्या रस्त्यावर चाक घसरलं की ईएसपी ब्रेक तर मारतोच, शिवाय इंजिनाला टॉर्क कमी करायला सांगतो. ती मागणी ऐकणारा कान तुम्ही काढून फेकलात तर पावसाळ्यात आंबोलीच्या वळणावर अर्धा ईएसपी घेऊन जाताय हे लक्षात ठेवा.

डायनोचा कागद

ट्यूनिंगवाल्यांचं ब्रह्मास्त्र म्हणजे डायनोचा कागद. दोन रेघा, एक स्टॉक, एक ट्यून्ड, मधली जागा लाल रंगाने भरलेली. मंडळी, डायनोवर गाडी एकाच गिअरमध्ये ओढतात. गिअर बदलतच नाही! ऑटोमॅटिकच्या आयुष्यातला सर्वात कठीण क्षण त्या कागदावर नसतोच. लोड टेस्ट करायची आणि डेटाबेस बंद ठेवायचा, असा हा प्रकार आहे.

नेहमीचे युक्तिवाद

"माझ्या मित्राने लावलाय, तीस हजार किलोमीटर झाले, काही झालं नाही." म्हणजे 'माझ्या मशीनवर तर चालतंय'. पुढे बोलायची गरज आहे का?

"कंपनीने मार्जिन ठेवलेलंच असतं." असतंच. पण ते कुणासाठी ठेवलंय? मे महिन्यातल्या नागपूरसाठी, भेसळीच्या पेट्रोलसाठी, पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन खंबाटकी चढण्यासाठी आणि सातव्या वर्षीच्या झिजलेल्या क्लचसाठी. ते फुकट पडलेलं नाही, प्रत्येक इंचावर कुणाचं तरी नाव लिहिलेलं आहे.

आणि हे मार्जिन गाडीगणिक वेगळं असतं. २०१३ मध्ये आपल्याकडे पोलो जीटी टीएसआय आली तेव्हा इंजिनाचा टॉर्क होता १७५ एनएम, आणि सोबतच्या सात गिअरच्या डीएसजीची (डीक्यू२००) मर्यादा २५०. पंचाहत्तरचं अंतर. "डीएसजी आरामात सहन करतो" ही दंतकथा त्या काळातली. २०२१-२२ मध्ये टायगुन, कुशाक, व्हर्टस, स्लाव्हिया आल्या. त्यांच्या १.५ टीएसआय इंजिनाचा टॉर्क २५० आणि डीएसजी तोच, मर्यादा तीच २५०. कागदावरचं अंतर शून्य! त्यात याचे क्लच कोरडे, थंड करायला तेल नाही. तरी तोच जुना सल्ला आजही बिनदिक्कत दिला जातो. डॉक्युमेंटेशन न वाचता जुनं उत्तर चिकटवायची सवय आपल्याच धंद्यात आहे असं मला वाटायचं.

"पण टीसीयू अ‍ॅडाप्ट होतो." होतो. घसर दिसली की दाब थोडा वाढवतो. ही सोय झीज भरून काढायला आहे. ती तुम्ही पहिल्याच वर्षी खर्च केलीत तर खरी झीज होईल तेव्हा खात्यात काय उरणार?

बिल कोण भरतं

हे सगळं मालकाच्या स्वतःच्या खिशापुरतं असतं तर मी एवढं लिहिलंही नसतं. तुझी गाडी, तुझा क्लच, जाळ बाबा. पण बिल बहुतेक वेळा दुसराच भरतो.

माझ्या टीममधल्या एकाने सेकंडहँड ऑटोमॅटिक टर्बो हॅचबॅक घेतली. घरातली पहिलीच गाडी. आई-बाबांना गावाहून आणायला-सोडायला म्हणून मुद्दाम ऑटोमॅटिक. पाच महिन्यांत ट्रॅफिकमध्ये थरथरायला लागली, आणि मग चक्क लाखाच्या वरचं एस्टिमेट आलं. बॉनेटखाली बूस्ट सेन्सरच्या कनेक्टरवर ओरखडे आणि शेजारी एक रिकामा झिप-टाय. आधीच्या मालकाला फोन केला तर तो अगदी सरळपणे म्हणाला, "हो, होता एक बॉक्स, पण विकताना काढून ठेवला ना. गाडी स्टॉकच दिलीय तुम्हाला."

बॉक्स काढला. क्लचने सोसलेले किलोमीटर कसे काढणार? ते बॉक्समुळेच झालं हे मी कोर्टात सिद्ध करू शकत नाही, आणि नेमक्या याच गोष्टीवर हा धंदा उभा आहे. पुरावा खिशात घालून नेता येतो.

आणि ती सुप्रसिद्ध 'सेवा'? "सर्व्हिसिंगच्या आधी या, स्टॉक फाइल टाकून देतो, नंतर परत ट्यून टाकू." २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचं प्रकरण उघड झालं. तपासणी चालू आहे हे ओळखून सॉफ्टवेअर वेगळं वागायचं. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. तेव्हा आपण सगळ्यांनी त्या इंजिनिअरांना शिव्या घातल्या. तपासणीपुरतं सज्जन व्हायचं, मग रस्त्यावर आपलं खरं रूप दाखवायचं. यात आणि त्या 'सेवे'त मला तरी आकाराखेरीज फरक दिसत नाही. "पीयूसी पास होते" हेही सांगू नका, ती उभ्या गाडीवर होते.

कंपन्या काही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. टॉर्क मॉडेल बंद, टीसीयूचे लॉग बंद, मालकाला स्वतःच्या गाडीतला क्लच किती झिजलाय हेही बघता येत नाही. अमेरिकेत २०१५ मध्ये कॉपीराइट कायद्यातून सूट मिळाली तेव्हा कुठे मालकाला स्वतःच्या गाडीच्या सॉफ्टवेअरला दुरुस्तीसाठी किंवा बदलासाठी हात लावायची मोकळीक मिळाली. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-ए मध्ये मालकाने केलेल्या अमान्य बदलाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. मला आपला कायदा ढोबळ वाटतो. तो नीट काम करणाऱ्याला आणि डबी विकणाऱ्याला एकाच मापाने मोजतो. पण तो बदलावा असं म्हणायचं तर आधी आपला व्यवहार स्वच्छ हवा. खोटे आकडे पाठवणाऱ्या डब्या विकून 'मालकाचा हक्क' मागणं म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा.

तर मग करायचं काय?

ऑटोमॅटिक टर्बोला हात लावायचाच असेल तर पैसे देण्याआधी समोरच्याला एवढंच विचारा:

१. माझ्या गिअरबॉक्सची टॉर्कची मर्यादा किती आणि तुमच्या ट्यूनचा खरा आकडा किती?
२. टीसीयूला हा खरा आकडा पोचतो का? त्याची फाइल बदलणार आहात का?
३. गिअर बदलताना टॉर्क कमी करण्याची मागणी आणि त्यावर इंजिनाने दिलेला प्रतिसाद, दोन्हींचा लॉग दाखवाल का? रस्त्यावरचा, डायनोचा नको.
४. ईएसपीची मागणी नवा ईसीयू ऐकतो का?
५. गाडी विकताना पुढच्याला दाखवायला हे सगळं लेखी द्याल का?

पाचपैकी एकावरही "सर, टेन्शन घेऊ नका" असं उत्तर आलं तर चहा प्या आणि घरी या. आणि गाडी विकताना पुढच्याला सांगा. न विचारता सांगा.

गिअरबॉक्सला खरा आकडा कळू द्या. त्याला झेपला नाही तर तो नाही म्हणेल, इंजिनाला आवरेल. त्याचं ते 'नाही' ऐकायची तयारी नसेल तर सरळ मॅन्युअल घ्या आणि स्वतःच्या डाव्या पायाने क्लच जाळा. निदान वास तरी तुम्हालाच येईल.